'रिमांड' म्हणजे कोठडीच का?

पाटीपेन्सिल: अमेरिकेतल्या आमच्या मंडळाच्या अंकासाठी आयात शुल्काच्या निकालावरचा लेख मराठीत आणते आहे. वॉशिंग्टनचं फेडरल सर्किट अपील न्यायालय, २९ ऑगस्ट २०२५, ७ विरुद्ध ४. १९७७च्या आणीबाणी अधिकार कायद्याखाली अध्यक्षांना ही शुल्कं लावता येत नाहीत, हा खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष कायम ठेवला. सरसकट, म्हणजे सगळ्यांनाच लागू होणारा, मनाई हुकूम मात्र रद्द केला आणि तेवढ्यापुरतं प्रकरण खाली पाठवलं. मी लिहिलं, 'प्रकरण रिमांड केलं.' आईने प्रूफ वाचता वाचता विचारलं, "अटक कोणाला झाली गं?" काय लिहू?

सातबारा: आमच्या वारसनोंदीचं अपील प्रांतांकडे गेलं होतं. आदेशाचा शेवट पाठ आहे: 'अपील अंशतः मान्य. मंडळ अधिकारी यांचा आदेश रद्द. प्रकरण फेरचौकशीकामी परत.' गावात हे सगळ्यांना कळतं. नवा शब्द कशाला घडवायचा?

काळाकोट: फेरचौकशी इथे बसत नाही. चौकशी म्हटली की साक्षीपुरावे आले. इथे जून २०२५मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अशा सरसकट हुकमांवर मर्यादा घातली, तिच्या उजेडात मनाई कितपत द्यायची एवढंच खालच्यांनी पाहायचं होतं. 'फेरविचारार्थ परत' लिहा. आणि 'खंडपीठ' लिहू नका. आपल्याकडे ते दोघांचं. इथे अकरा न्यायाधीश बसले होते, म्हणजे पूर्णपीठ.

निखळ: हिंदीत 'प्रतिप्रेषण' आहे. संस्कृत शब्द, आपलाही आहे. रुळवल्याशिवाय रुळणार कसा?

काळाकोट: वीस वर्षं कोर्टात 'मॅटर रिमांड झालं' हेच ऐकतोय. अशिलालाही समजतं.

निखळ: अशिलाला समजतं, पाटीपेन्सिलताईंच्या आईला नाही. अर्धा शब्द उसना घेतला की असंच होतं.

शब्दवेडा: मूळ लॅटिन, परत धाडणं. आरोपीला परत कोठडीत धाडतात म्हणून रिमांड. पोलिसांच्या बातम्यांनी आपल्याकडे एकच अर्थ उरवला.

सातबारा: मग 'आयात शुल्क' तरी का? जकात म्हणा. नाक्यावर पहाटे ट्रकांची रांग आणि पावती फाडणारा कारकून पाहिलाय मी.

काळाकोट: जकात शहराच्या वेशीवरची. मुंबईचीही २०१७मध्ये जीएसटी आल्यावर गेली. बंदरावर लागतो तो सीमाशुल्काचा प्रकार.

शब्दवेडा: 'टॅरिफ' इटालियनमार्गे अरबीतून आला. मूळ धातू 'ओळखणं, जाणणं'. आपली 'तारीफ' त्याच घरातली, आणि पत्रावरचं 'मार्फत'सुद्धा!

निखळ: तारीफ म्हणजे स्तुती. कराशी तिचा संबंध जोडणं पटत नाही.

शब्दवेडा: अरबीत आधी 'ओळख करून देणं, व्याख्या'. एका फांदीवर दर जाहीर करणारी यादी आली, दुसरीवर गुणवर्णन.

पाटीपेन्सिल: न्यायाधीशही अशाच चर्चेत अडकले होते. कायद्यात 'रेग्युलेट' आहे, आयातीचं नियमन. त्यात अशी अमर्याद शुल्कं येत नाहीत, असं बहुमताने ठरवलं. चौघांना ते अमान्य. मी 'नियमन' लिहिलंय.

काळाकोट: 'विनियमन' हवं. कायद्याच्या मराठीत तेच चालतं.

सातबारा: 'वि'ने अर्थात काय भर पडली, ते सांगा.

पाटीपेन्सिल: अंक गुरुवारी छापायला जातो. 'फेरविचारार्थ परत' पक्कं समजू का?

निखळ: आधी जकातीचं बोलू. अरबीत ती धर्मादाय, आपल्याकडे वसुली कशी झाली?