समाचाराला जाणे आणि समाचार घेणे

वाटसरू:
काल संध्याकाळी घरातून निघताना म्हणालो, "समाचाराला जाऊन येतो." मुलीने लॅपटॉपमधून डोकं वर न काढता विचारलं, "आता कुणाचा समाचार घेणार?" आमच्या ओळखीतले एक गृहस्थ गेले, त्यांची शोकसभा होती. ते सांगितल्यावर बायकोने वेगळीच दुरुस्ती केली. म्हणे समाचाराला घरी जातात, चार लोक आणि माईक असलेल्या सभेला जाणं म्हणजे समाचार नव्हे. माझी आई आजाऱ्याकडेही समाचाराला जायची आणि माणूस गेलेल्या घरीही. सभा तिच्या वाट्याला कधी आली नाही, त्यामुळे तिचा दाखला इथे तोकडा पडतो.
तर प्रश्न दोन. सभेला समाचार म्हणता येईल का? आणि इतका मायेचा शब्द झोडपण्याच्या कामाला कसा लागला?
(दारावरचा फलक: 'श्रद्धांजलीसभा'.)

मधलीसुट्टी:
आमच्या घरात समाचार आजीबरोबरच गेला. आता सगळे 'भेटून येतो' म्हणतात. मुलांच्या कानाला समाचार म्हणजे हिंदी बातम्या.

कानामात्रा:
सम् + आ + चर्. चर् म्हणजे चालणं-फिरणं. संस्कृतात समाचार म्हणजे आधी वागणूक, मागाहून खबरबात. म्हणजे समाचाराला जाणं हे खबर काढायला जाणं. सभेत कसली खबर काढणार? वहिनींचं बरोबर आहे.
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते उपरोध. 'आजाऱ्याचा समाचार घेतला' हे निरुपद्रवी वाक्य. त्याला 'खरपूस' चिकटला की माणूस भाजून निघतो. पूजा बांधणं, प्रसाद देणं, हजेरी घेणं, सगळी एकाच माळेतली. मारायला साधं क्रियापद नाही असं नाही, पण आदराचा शब्द उसना आणल्याशिवाय मराठी माणसाचं समाधान होत नाही.

शुद्धमती:
फलकाबद्दल कुणीच काही बोलत नाही? एक तर 'श्रद्धांजली सभा' असं सुटं लिहा, नाहीतर जोडून 'श्रद्धांजलिसभा', ऱ्हस्व लि. तत्सम ऱ्हस्वान्त शब्द समासात आधी आला तर ऱ्हस्वच राहतो. कविराज लिहिता ना, कवीराज नाही? शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली चौदा होते, १९७२ साली अठरा झाले. फलक रंगवणाऱ्यापर्यंत एकही पोचलेला दिसत नाही.

जुनीचप्पल:
ताई, माणूस गेलाय, वेलांटी नाही.
आमच्याकडे सरळ 'मयताला गेलो होतो' म्हणतात. शाळेत निबंधात लिहिलं तर बाईंनी लाल शाईने खोडून 'अंत्ययात्रेस' केलं होतं. पुढे नोकरीला लागल्यावर पाहिलं तर सरकारी कागदावर 'मयत इसम', 'मयताचे वारस', सगळीकडे मयतच. साहेबाने लिहिलं की चालतं, आम्ही बोललो की गावंढळ.

शुद्धमती:
मयत अरबी आहे. मराठी शब्द असताना कशाला?

जुनीचप्पल:
मराठी म्हणजे 'अंत्ययात्रा'? ती तर अख्खीच्या अख्खी संस्कृत. तुमचं उसनं ते सोवळ्यातलं आणि आमचं ते ओवळ्यातलं, असं का?

मधलीसुट्टी:
पण मयताला जाणं वेगळं आणि सभेला जाणं वेगळं, हे तर मान्य? मयताला खांदा द्यायचा असतो. सभेला फार तर खुर्ची सरकवायची.

अर्धमागे:
मला तिसरीच अडचण. आमचे एक स्नेही पक्के नास्तिक होते. पत्रकात कै. नको म्हणून घरच्यांनी ठरवून 'दिवंगत' छापलं. आता दिवम् म्हणजे स्वर्ग, गत म्हणजे गेलेला. कैलास चुकवला आणि स्वर्गात पोचवला. 'स्वर्गीय' मी मुद्दाम टाळतो, मराठीत स्वर्गीय म्हटलं की मला आधी आवाज आठवतो, माणूस नंतर.

कानामात्रा:
बौद्ध पत्रकांत 'कालकथित' वाचलंय. मला फार आवडतो. त्यात कुठलाच पत्ता दिलेला नाही.

शुद्धमती:
'मृत' म्हणा. दोन अक्षरं, शुद्ध.

वाटसरू:
फोटोखाली 'मृत'? तुम्ही लिहा, मी मागच्या खुर्चीवर बसतो.
सभेची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. दाराशी वही होती. तीन रकाने: नाव, नातं, सही. माझ्या आधीच्याने नात्यात 'भाचेजावई' लिहिलं होतं. मी पेन धरून उभा. या गृहस्थांशी माझं सव्वीस वर्षांचं बोलणं म्हणजे सकाळी त्यांचं "काय, निघालात?" आणि माझं "हो, निघालो." क्वचित "आज उशीर?" त्यांच्या घरात मी कधी गेलो नाही. त्यांचं पूर्ण नावही मला कालच, फोटोखाली कळलं. आधी 'ओळखीचा' लिहिलं. ते पोलिसात जबाब दिल्यासारखं वाटलं म्हणून खोडलं. 'स्नेही' लिहायची हिंमत झाली नाही. शेवटी 'शेजारी' लिहिलं, जे खोटं आहे, मी तीन गल्ल्या पलीकडे राहतो. मागे रांग लागली होती.

अर्धमागे:
शेजारी शेजेवरून आला असं आमचे मास्तर सांगत. ज्याची शेज आपल्या शेजेजवळ, तो. तीन गल्ल्या म्हणजे जरा ताणलंत.

मधलीसुट्टी:
शेज म्हणजे अंथरूण हो! शेजारती देवाला निजवताना करतात. कुणाकुणाला शेजारी करताय?

कानामात्रा:
'स्नेही' तर नकोच. स्नेह म्हणजे मुळात तेलतूप, ओशटपणा. तेवढी लगट तुमची नव्हती. 'परिचित' लिहायला हवं होतं. तो शब्द तुम्हाला कोरडा वाटतो, पण त्यातला चि धातू संचयातला आहे. रचत जाणं, साठवणं. सव्वीस वर्षं रोज एक "निघालात?" साठत गेला. परिचय तोच.

जुनीचप्पल:
वहीत धातू कोण बघतो? 'परिचित' वाचून घरच्यांना वाटणार, बँकेतून कुणी आला होता.

वाटसरू:
कानामात्रा, हे काल संध्याकाळी सांगायला हवं होतंत. सभेत दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हाही हेच झालं. "आमचा फार घरोबा होता" असं प्रत्येक जण म्हणत होता. मी उठलो, "ते मला रोज 'निघालात?' विचारायचे" एवढं म्हणालो आणि बसलो. पुढे वाक्यच नव्हतं. त्यांची मुलगी मात्र हसली, आणि शेजारच्या बाईंना कोपराने ढोसून म्हणाली, "बघ, यांनाही."

मधलीसुट्टी:
'यांनाही' म्हणजे आणखी किती जणांना विचारायचे?

वाटसरू:
बहुतेक सगळ्या रस्त्याला.

शुद्धमती:
तो फलक रंगवणारा कोण, कळेल का? त्याला एकदा भेटायचंय.

जुनीचप्पल:
भेटायचंय, की समाचार घ्यायचाय?