साथीत कारखाना बंद, कामगार कमी: भरपाई पूर्ण की तीन महिन्यांची?

गिरणाकाठ:
2020 च्या करोना टाळेबंदीबद्दल जळगाव एमआयडीसीत अजून ऐकू येतं, "साथ होती, तेव्हा कायदा कुठला?" साफ चूक. औद्योगिक विवाद कायद्याचं कलम 25-एफ तेव्हाही लागू होतं (तो कायदा नोव्हेंबर 2025 पर्यंत चालला). वर्षात 240 दिवस भरलेल्याला कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे 15 दिवसांची सरासरी मजुरी. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष. पगार 12,000, नोकरी 7 वर्षं 8 महिने: 6,000 गुणिले 8 म्हणजे 48,000, वर नोटिशीचे 12,000. हे कामावरून काढतानाच हातात द्यायचं. "पुढच्या महिन्यात बघू" म्हटलं की कामगार कपातच बेकायदा. ग्रॅच्युइटी याहून वेगळी.

मुनीम_धुळे:
हिशेब बरोबर, कायदा अर्धाच सांगितला. युनिट बंदच केलं तर 25-एफएफएफ लागायचं. मालकाच्या हाताबाहेरच्या अटळ कारणानं बंद पडलं तर भरपाईला तीन महिन्यांच्या सरासरी मजुरीची मर्यादा. म्हणजे 48,000 चे 36,000. चाळीस माणसांच्या डाळ मिलला गोदामात तूर पडून, बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज चालू, विजेचा स्थिर आकार चालू. साथ अटळ नाही तर काय अटळ?

गिरणाकाठ:
त्याच कलमाचं स्पष्टीकरण वाचा ना भाऊ. पैशाची अडचण, तोटा, न विकलेला माल साचणं, एवढ्यावरून कारण अटळ ठरत नाही. तुमची तूर तिथंच अडकते. आणि बंद म्हणजे कायमचं बंद. दोन महिन्यांनी शटर वर करून मुकादमाची नवी माणसं आत घेतली तर ती बंदी कसली? ती कपात, आणि भरती करताना 25-एच प्रमाणे आधी जुन्यांना बोलवायचं.

कोरा_कागद:
कलमांवर भांडता आहात, दावे मरतात ते राजीनाम्यावर. "स्वखुशीने काम सोडले, पूर्ण हिशेब मिळाला" असं टाइप केलेलं, खाली सही, तारखेची जागा कोरी. तो कागद खरा धरला गेला की कपात उरतच नाही. सही टळणारच नसेल तर स्वतःच्या अक्षरात मिळालेली रक्कम, "हक्क राखून" आणि तारीख लिहावी, फोटो काढावा.
दुसरी खोच सरासरीत. एप्रिल ते जूनचा कापलेला पगार धरून 15 दिवस काढतात. तीन पूर्ण महिने काम झालेलंच नसेल तर प्रत्यक्ष काम केलेल्या काळाची सरासरी धरायची, व्याख्येतच आहे. टाळेबंदीचा खंडही कामगाराच्या चुकीचा नाही, त्यानं सलग नोकरी तुटत नाही.

मुनीम_धुळे:
हे पटलं. पण केंद्रानं 29 मार्चला टाळेबंदीतही पूर्ण पगार द्यायचा हुकूम काढला, 18 मेपासून तो मागे घेतला, 12 जूनला सुप्रीम कोर्ट म्हणालं आपसात मिटवा. सरकारनं स्वतःच्या खिशातून काय दिलं?

कोरा_कागद:
ईएसआयनं, म्हणजे कामगार विम्यानं दिलं की. अटल बीमित योजनेत नोकरी गेलेल्याला 24 मार्च 2020 पासून मजुरीच्या 50 टक्के, 90 दिवसांपर्यंत. एक अट अशी की नोकरी जाण्याआधीच्या वर्गणी कालावधीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. मुकादमानं नावच चढवलं नसेल तर अर्ज तिथंच आपटतो.

गिरणाकाठ:
मुनीमभाऊ, तुमचं गाऱ्हाणं दिल्लीशी आहे, त्याची वसुली मजुराकडून नको. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत 15 दिवसांच्या मजुरीएवढा पुनर्कौशल्य निधी (नवं काम शिकायला) आहे, कपातीपासून 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात. तोही मालकानंच भरायचा.

मुनीम_धुळे:
घ्या, पुन्हा मालकच!