सातवीतील मुलाला वर्गात होणारा त्रास: शाळेशी नेमके कसे बोलावे?

नमस्कार.

माझा मुलगा सातवीत आहे. गेल्या जूनमध्ये आम्ही लातूरहून पुण्यास राहावयास आलो. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात त्याने शेजारच्या मुलाला, आमच्याकडे सगळेच विचारतात तसे, "काय करायलास?" असे विचारले आणि तेव्हापासून वर्गात त्याचे नावच 'करायलास' पडले. आरंभी आम्ही ते हसण्यावारी नेले. बोलीवरून होणारी थट्टा मीही वसतिगृहात ऐकली होती.

दिवाळीनंतर मात्र सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच परत येऊ लागली. लघवीला जळजळ होते म्हणून डॉक्टरांकडे नेले, तर ते म्हणाले की हा पाणीच पुरेसे पीत नाही. पुष्कळ खोदून विचारल्यावर त्याने सांगितले की मधल्या सुट्टीत तीन मुले स्वच्छतागृहाच्या दाराशी उभी असतात आणि तो आत गेला की बाहेरून कडी लावतात. तिकडे जावेच लागू नये म्हणून तो शाळेत घोटभरही पाणी पीत नाही.

मी वर्गशिक्षिकांना भेटलो. त्यांनी चौघांना वर्गासमोर उभे करून हात मिळवायला लावले. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण हे भांडण नव्हते, बुलिंग म्हणजे दुबळ्याला धरून केलेला छळ होता. या विषयाचा पायाभूत अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेअस यांनी बुलिंगच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: ते जाणूनबुजून केलेले असते, पुन्हा पुन्हा होते आणि दोन्ही बाजूंचे बळ असमान असते. बरोबरीच्या दोघांत समेट होऊ शकतो, एकाविरुद्ध तिघे असताना तो कसला समेट? दुसऱ्याच दिवशी व्हॅनमध्ये त्याला 'चुगलखोर' हे आणखी एक नाव मिळाले.

त्या तिघांतला म्होरक्या आमच्याच सोसायटीत राहतो. त्याचे वडील त्याला पार्किंगमध्ये, चारचौघांत, कानाखाली मारताना मी दोनदा पाहिले आहे. त्यामुळे त्यांच्याकडे तक्रार नेण्याचे धाडस होत नाही. त्या मुलाला घरी मार बसेल आणि त्याची वसुली माझ्या मुलाकडून होईल. शिवाय सगळे मूळ त्याच्या घरातच आहे असेही मला वाटत नाही. वर्ग हसतो, म्हणून त्याला पुन्हा करावेसे वाटते.

सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मागच्या रविवारची आहे. खाली खेळताना माझाच मुलगा दुसरीतल्या एका मुलाला त्याच्या बोबड्या बोलण्यावरून चिडवत होता.

पालक, शिक्षक आणि समुपदेशक यांच्याकडून मला पुढील बाबतींत मार्गदर्शन हवे आहे. मुख्याध्यापकांना लेखी तक्रार देताना मुलांची नावे लिहावीत, की केवळ स्वच्छतागृह आणि व्हॅन या दोन ठिकाणी मोठ्या माणसाची देखरेख मागावी? सीबीएसईने २०१५ मध्ये आपल्या शाळांना बुलिंग रोखण्यासाठी समिती नेमण्याच्या सूचना दिल्या होत्या. आमची शाळा राज्य मंडळाची आहे, तेव्हा तिथे कशाचा आधार घ्यावा? शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मुलाच्या मानसिक छळास मनाई करते, ते मुलांनीच मुलाला दिलेल्या त्रासासाठी कोणी पुढे केले आहे का? १०९८ या चाइल्डलाइनवर अशा बाबतीत फोन केल्याचा अनुभवही कोणाला असल्यास कळवावा.

तुकडी बदलून घेण्याचा सल्ला अनेकांनी दिला, पण व्हॅन तीच राहणार आहे. येत्या शनिवारी पालकसभा आहे. त्यापूर्वी उत्तरे मिळाल्यास अर्जाचा मसुदा तयार करता येईल.