सिंगल विंडोवरून पहिली हळद दुबईला पाठवायची आहे, सुरुवात कुठून करू?

सांगलीची_हळद:
नमस्कार मंडळी. आमचं हळद पॉलिश करून विकायचं घरचं काम आहे. दुबईच्या एका दुकानदाराने पाच टन हळकुंड आणि थोडी पूड मागितली आहे. आयईसी (आयात-निर्यातीसाठीचा कोड) काढला, स्पाइसेस बोर्डाकडे निर्यातदार म्हणून नोंदणीही झाली. पण आता ज्याला विचारावं तो वेगळंच पोर्टल सांगतो. मग सिंगल विंडो म्हणतात ती नक्की कोणती? आणि सीएचएशिवाय (कस्टम्सचं काम करून देणारा एजंट) मी स्वतः करू शकते का?

उरणकर:
ताई, सिंगल विंडो म्हणजे कस्टम्सची स्विफ्ट ही ऑनलाइन व्यवस्था. १ एप्रिल २०१६ ला ती सुरू झाली ती आयातीसाठी. त्याआधी अन्नसुरक्षा, औषध नियंत्रण, वनस्पती संगरोध, प्राणी संगरोध, वन्यजीव आणि टेक्स्टाइल कमिटी अशा सहा ठिकाणचे मिळून नऊ फॉर्म भरावे लागायचे. ते सगळे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीच्या कस्टम्स अर्जासोबतच्या एकाच घोषणापत्रात आले.

तुमचा संबंध येईल तो कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवरच्या शिपिंग बिलाशी (निर्यातीचा कस्टम्स अर्ज) आणि ई-संचितशी (कागद ऑनलाइन चढवायची सोय). इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट ई-संचितवर चढवली की प्रत्येक कागदाला आयआरएन नंबर मिळतो, तो शिपिंग बिलात टाकायचा. कागदांचा गठ्ठा घेऊन कस्टम हाउसच्या फेऱ्या मारायचे दिवस मी काढलेत, त्यामुळे या खिडकीचं मला खरंच मोल वाटतं. पण फायटो (मालाला कीड-रोग नसल्याचं प्रमाणपत्र) आणि सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कोणत्या देशाचा याचा दाखला) अजून त्यांच्या त्यांच्या पोर्टलवरूनच काढायची आहेत. तिथे गोंधळून जाऊ नका.

तासगाव_बेदाणा:
पहिल्या खेपेला सीएचए घ्याच. फक्त आइसगेटचं लॉगिन, डिजिटल सिग्नेचर आणि नोंदवलेला मोबाइल नंबर स्वतःचा ठेवा. शिपिंग बिल भरण्याआधी सीएचए चेकलिस्ट, म्हणजे बिलाचा मसुदा, पाठवतो. ती घाईत 'ओके' करू नका, ओळ न् ओळ वाचा.

माझ्या दुसऱ्या कंटेनरला पॅकिंग लिस्टमधलं निव्वळ वजन आणि फायटोवरचं वजन जुळत नव्हतं. शेवटच्या क्षणी काही पेट्या बदलल्या होत्या आणि जुना आकडा तसाच राहिला. माल बंदरात अडकला, दुरुस्ती होईपर्यंत रात्री झोप नव्हती. तेव्हापासून मी एक कागद आधी तयार करतो: मालाचं नाव, एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा कस्टम्स क्रमांक), पोत्यांची संख्या, निव्वळ आणि एकूण वजन, खरेदीदाराचा पूर्ण पत्ता. बाकी सगळीकडे त्यावरूनच उतरवायचं, तोंडी आकडा कोणालाच द्यायचा नाही. सिस्टिम एक झाली तरी आकडे आपणच भरतो ना.

बँकवाला_काका:
बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे येणाऱ्या बँक शाखेचा कोड) आइसगेटवर नोंदवला का ते आजच बघा. त्याच्याशिवाय शिपिंग बिल पुढे सरकत नाही. आयजीएसटी न भरता माल पाठवायचा असेल तर जीएसटी पोर्टलवर एलयूटीही (त्यासाठीचं हमीपत्र) आधीच भरून ठेवा.

उरणकर:
काकांचं बरोबर आहे. आणखी एक. यूएईबरोबरचा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्याखालचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन ऑनलाइन निघतं. खरेदीदाराला ते हवंय का, हे ऑर्डर पक्की करतानाच विचारा.

सांगलीची_हळद:
मनापासून आभार सगळ्यांचे. एडी कोड राहिलाच होता, उद्या बँकेत जाते. तासगावच्या दादांसारखा कागद आज रात्रीच करायला बसते. हळकुंड आणि पूड एकाच कोडखाली दाखवली तर चालेल का?

तासगाव_बेदाणा:
नाही ताई. सुक्या हळकुंडाला ०९१०३०२०, पुडीला ०९१०३०३०. इन्व्हॉइसवर दोन वेगळ्या ओळी, वजनंही वेगळी. आणि फायटोसाठी तपासणीला जाईल तो माल पॅक करताना पोत्यांवर तेच मार्किंग घाला जे पॅकिंग लिस्टमध्ये आहे.