मदत हवी आहे: बाबांचं प्रोस्टेटचं इंजेक्शन आणि विसरणं, रक्ताच्या कोणत्या तपासण्या कराव्या?

नमस्कार दादा-ताई, आम्ही दारव्हा तालुक्यातले कास्तकार. बाबा ७१ वर्षांचे, प्रोस्टेट कॅन्सर आहे, दीड वर्षापासून दर ३ महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन सुरू आहे. पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) ८६ वरून ०.४ वर आला, टेस्टोस्टेरॉन (हे इंजेक्शन जे पुरुषी हार्मोन खाली आणते ते) १८, म्हणजे औषध काम करून राहिलं, त्याचा आनंदच आहे.

पण बाबा विसरून राहिले हो. ज्या माणसाले दहा वर्षांमागच्या कापसाचा भाव तोंडपाठ, तो परवा मोटर सुरू करून वावरातून तसाच घरी आला, रात्रभर पाणी तुरीत, अन् सकाळी मलेच विचारते की मोटर कोणं लावली. आईनं तर रडणंच सुरू केलं.

डॉक्टरले सांगितलं तर म्हणे वय झालं, पण मले ते पटत नाही, कारण हे सगळं इंजेक्शनानंतरच दिसून राहिलं. टेस्टोस्टेरॉन इतकं खाली गेलं की थकवा येते, हिमोग्लोबिन उतरते (बाबांचं ९.८ आहे), झोप नीट लागत नाही, मग डोकं कसं चालन? बी१२ जीवनसत्त्व १६० निघालं, ते कमीच आहे. थायरॉइड, सोडियम, शुगर अजून केलं नाही, यवतमाळले जाऊन करतो.

पुण्याचा भाचा न्यूरोफिलामेंट नावाची रक्ततपासणी सांगते. त्यानं मेंदूच्या पेशींले इजा होते का ते कळते, पण कशानं होते ते नाही कळत म्हणे. नागपुरात कोणी केली का? अन् बी१२ ची इंजेक्शनं घेऊन कोणाच्या घरी फरक पडला का? ३० मार्कांची स्मरणशक्तीची टेस्ट मराठीत कुठं घेतात? हार्मोनचं इंजेक्शन आम्ही मनानं बंद करणार नाही, पुढचं १२ तारखेले आहे, त्याआधी सांगा.