बोवी-डिक चाचणीच्या (ऑटोक्लेव्हमधली हवा पूर्ण निघून वाफ सगळीकडे पोहोचते का, हे पाहणारी चाचणी) कागदावर मधोमध फिकट डाग, लीक टेस्ट मात्र पास – मदत हवी आहे

सीएसएसडीच्या (रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागाच्या) तपासणीत प्री-व्हॅक्युम ऑटोक्लेव्हपाशी (आधी हवा ओढून काढून मग वाफेनं निर्जंतुक करणारं मशीन) गाडी अडली आहे. सकाळी पहिल्या लोडआधी, रिकाम्या चेंबरमध्ये, ड्रेनच्या वर चाचणीचा पॅक (आत रंग बदलणारा कागद असलेला) ठेवून १३४ अंशांवर ३.५ मिनिटं बोवी-डिक घेतात. कागदाच्या कडा एकसारख्या काळ्या, मधोमध नखाएवढा डाग फिकटच. लीक मिनिटाला १.३ मिलिबारच्या आत, गॅस्केटही ठीक. संशय वाफेवर आहे: बॉयलरच्या टाकीत थंड पाणी पडतं, त्यात विरघळलेली हवा वाफेबरोबर येत असणार.

लोडमधले केमिकल इंडिकेटर (रंग बदलणाऱ्या पट्ट्या) पास होतात म्हणून मशीन चालू ठेवायचा आग्रह आहे (हे अजिबात पटत नाही).

वाफेतल्या, थंड झाल्यावर द्रव न होणाऱ्या (नॉन-कंडेन्सिबल) वायूंची चाचणी कुणी करून घेतली आहे का? मर्यादा ३.५ टक्के. नमुना मशीनजवळच्या पाइपवरून घ्यावा की बॉयलरपाशी? फीडवॉटर (बॉयलरला जाणारं पाणी) किती अंशांवर ठेवता?