शब्दचर्चा : रेप्लिकेशन, ट्रंकेट, लॅग आणि 'पुन्हा सुरू करा'

विचारणा

ॲमेझॉनच्या डेटाबेस मायग्रेशन सर्व्हिसवर, म्हणजे डीएमएसवर, चालणाऱ्या रेप्लिकेशन टास्कची माहितीपुस्तिका मी मराठीत लिहिते आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसातला सगळा साठा एकदा क्लाउडमधल्या डेटाबेसात भरायचा आणि त्यानंतर मूळ ठिकाणी होणारे बदल तिकडे पोहोचवत राहायचे, असे ते काम. त्याची सगळी सेटिंग एका जेसन (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या) फाइलीत असतात. 'रेप्लिकेशन'साठी 'प्रतिकृती' आणि 'प्रतिरूपण' हे पर्याय समोर आहेत. 'रनटाइम सेटिंग'ला कुणी 'धावसमय संयोजना' सुचवले, ते मलाच कळेना. 'ट्रंकेट'पाशी तर पूर्ण अडले आहे. तुम्ही लिहिताना काय वापरता?

प्रतिसाद

बोलताना आपण सगळेच 'टास्क अडकला', 'लॅग वाढला' म्हणतो. ते तसेच राहू द्या. पडद्यावर जे नाव दिसते ते देवनागरीत जसेच्या तसे लिहा, कारण वाचणाऱ्याला ते तिथे शोधायचे आहे. पण त्या सेटिंगमुळे डेटाचे काय होणार, हे सांगणारे क्रियापद मराठी हवे आणि नेमके हवे. तिथे ढिलाई झाली की डेटा जातो.

'ट्रंकेट'च घ्या. डीएमएसमध्ये हा शब्द दोन जागी भेटतो आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा. 'टार्गेट टेबल प्रेप मोड' (टार्गेट म्हणजे जिथे डेटा भरायचा तो डेटाबेस, सोर्स म्हणजे मूळ) या सेटिंगला तीन पर्याय आहेत : 'ड्रॉप अँड क्रिएट', 'ट्रंकेट बिफोर लोड' आणि 'डू नथिंग'. इथे ट्रंकेट म्हणजे टेबलाचा सांगाडा ठेवून आतल्या सगळ्या ओळी काढून टाकणे. यासाठी 'टेबल रिकामे करणे' लिहा. दुसरी जागा 'लिमिटेड लॉब मोड'ची (लॉब म्हणजे मोठ्या आकाराचा डेटा). मोठा मजकूर किंवा चित्र असलेल्या रकान्यात 'लॉब मॅक्स साइज'पेक्षा जास्त काही आले, तर जास्तीचा भाग ट्रंकेट होतो, म्हणजे छाटला जातो. कोशातून एकच 'कापणे' उचलून दोन्हीकडे लावले, तर पहिल्या ठिकाणी वाचणाऱ्याला वाटेल की टेबलाचा थोडासा भाग जाईल. जाते ते सगळे.

छाटणीबद्दल मराठी मजकूर सांभाळणाऱ्यांनी जास्तच जपायला हवे. लॉब मॅक्स साइज मुळात ३२ किलोबाइट असते. पोस्टग्रेसचा साधा 'टेक्स्ट' रकानाही डीएमएस लॉब म्हणूनच धरते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि आपण ज्याला एक अक्षर म्हणतो त्यात अशी अनेक चिन्हे असतात : 'क्षि' म्हणजे क, हलन्त, ष आणि इकार, मिळून १२ बाइट. ३२ किलोबाइटमध्ये अशी सुमारे १०,९०० चिन्हे मावतात, म्हणजे त्याहून बरीच कमी अक्षरे. एखादा लांबलचक अर्ज किंवा निकालपत्र सहज याच्या पलीकडे जाते. आणि छाटणी झाली म्हणून टास्क थांबत नाही, लॉगमध्ये फक्त इशारा उमटतो. म्हणून पुस्तिकेत 'लांबी' हा शब्द टाळा, 'आकारमान' किंवा सरळ 'बाइट' लिहा. पोस्टग्रेसमध्ये 'लेंग्थ' चिन्हे मोजते आणि 'ऑक्टेट-लेंग्थ' बाइट मोजते. सेटिंग ठरवताना दुसरे उपयोगी पडते.

विचारणा करणारीकडून

हा फरक माझ्या मसुद्यात नव्हता, आजच घालते. आता रेप्लिकेशन. 'नक्कल' लिहिले तर? पण त्याला नाटकी वास येतो, असे आमच्याकडे एकाचे म्हणणे पडले.

प्रतिसाद

वास येतो तो शहरात. गावात सातबाऱ्याची नक्कलच मागतात आणि तिच्यावर 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' असे लिहिलेले असते. तरीही रेप्लिकेशनला नुसते 'नक्कल' किंवा 'प्रतिकृती' अपुरे पडते. त्या दोन्हींत एकदाच काढलेली प्रत आहे. इथे काम चालूच राहते.

ते चालू राहणारे काम सांगायला महसुली मराठीतच चांगला शब्द आहे : फेरफार. जमीन विकली, वारस लागले, बोजा चढला की गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद होते आणि ती मंजूर झाली की सातबारा बदलतो. डीएमएस ज्याला 'चेंज डेटा कॅप्चर' किंवा सीडीसी म्हणते, ते याच पद्धतीचे. सारखे सगळे टेबल वाचायचे नाही, डेटाबेसाच्या नोंदवहीतले फेरफार क्रमाने टिपायचे आणि दुसरीकडे लावायचे. म्हणून मी टास्कचे तीन प्रकार असे लिहीन : 'फुल लोड' म्हणजे पूर्ण भरणा, 'सीडीसी' म्हणजे फक्त फेरफार, आणि तिसरा पूर्ण भरणा व मग फेरफार. ही नावे पहिल्यांदा समजावताना वापरा, पुढे मूळ नावे चालू ठेवा.

'बॅच अप्लाय'ला 'गठ्ठ्याने लावणे' शोभते. मुळात हे सेटिंग बंद असते. चालू केले की फेरफार एकेक न लावता गठ्ठा करून लावले जातात, वेग वाढतो.

'व्हॅलिडेशन'साठी 'पडताळणी' पक्के. 'तपासणी' नको. दोन्हीकडच्या ओळी एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात, हे 'पडताळणी'तच येते.

प्रतिसाद

रनटाइमबद्दल. 'धावसमय' सोडूनच द्या. त्यातून 'टास्क धावत असताना बदलता येणारी सेटिंग' असा अर्थ निघतो आणि वस्तुस्थिती उलटी आहे. डीएमएसमध्ये टास्कची सेटिंग बदलायची तर आधी टास्क थांबवावा लागतो. ही सेटिंग टास्क कसा वागेल ते ठरवतात : एका वेळी किती टेबले भरायची (मुळात ८), चूक आली तर टेबल बाजूला ठेवायचे की टास्कच थांबवायचा, स्मृती किती वापरायची. 'टास्कच्या वागणुकीची सेटिंग' असे मी लिहितो. लांब आहे, पण चुकीची आशा दाखवत नाही.

'लेटन्सी' आणि 'लॅग'साठी 'विलंब' सर्रास वापरला जातो, मला 'पिछाडी' जास्त योग्य वाटते. विलंब एकदा झाला की झाला. पिछाडी वाढते, कमी होते, भरून निघते, आणि क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या देखरेख सेवेवरचा आलेख नेमके तेच दाखवतो. तिथे दोन आकडे असतात, सोर्सचा आणि टार्गेटचा, दोन्ही सेकंदांत. टार्गेटच्या आकड्यात सोर्सची पिछाडीही धरलेली असते. म्हणून दोन्ही एकदम चढले तर आधी मूळ डेटाबेसाकडे पाहा. फक्त टार्गेटचा चढला तर फेरफार लावण्यात अडचण आहे.

विचारणा करणारीकडून

'पिछाडी' घेतली. शेवटचे एक : 'रिझ्यूम' आणि 'रिस्टार्ट'. माझ्या मसुद्यात दोन्हीकडे 'पुन्हा सुरू करा' आहे.

प्रतिसाद

ते आजच्या आज बदला, ताई. सगळ्या यादीत हाच शब्द सर्वांत घातक आहे. 'रिझ्यूम'ने टास्क जिथे थांबला होता तिथून पुढे जातो. 'रिस्टार्ट'ने टेबले पहिल्यापासून भरली जातात आणि भरण्याआधी वर सांगितलेला प्रेप मोड लागू होतो. तो 'ड्रॉप अँड क्रिएट' असेल तर टार्गेटवरची टेबले पाडून नव्याने बांधली जातात, आणि तिथे हाताने घातलेले इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) त्यांच्याबरोबर जातात. मराठीत 'पुढे चालू करा' आणि 'पहिल्यापासून भरा' असे दोन वेगळे शब्दप्रयोग ठेवा.

'स्टॉप'खालीही एक ओळ घाला. पोस्टग्रेसमधला टास्क थांबवून तसाच ठेवला, तर त्याचा रेप्लिकेशन स्लॉट (कुठपर्यंतचे फेरफार वाचले याची मूळ सर्व्हरवरची खूण) न वाचलेल्या नोंदी सोडत नाही. त्या मूळ सर्व्हरवर साठत जातात आणि डिस्क भरते. थोड्या वेळासाठी असेल तर 'थांबवा' म्हणा. टास्क कायमचा नको असेल तर 'काढून टाका, आणि स्लॉटही गेला का ते पाहा' असे पूर्ण वाक्य लिहा.